खंडेनवमीला निघालेल्या दोन डिस्क

खंडेनवमीच्या सकाळी नऊ अडतीसला सिंदेवाही तालुक्यातल्या एका गावात मारोतराव नावाच्या अडुसष्ट वर्षांच्या गृहस्थांनी घरातल्या नेटवर्क स्टोरेजची पहिली हार्ड डिस्क बाहेर काढली. थोड्या वेळाने दुसरी काढली. दोन्ही ओल्या फडक्याने पुसल्या, हळद-कुंकू लावलं, फूल वाहिलं आणि परत बसवल्या. पहिली डिस्क निघाल्याची नोंद डिव्हाइसच्या लॉगमध्ये आहे. दुसरी निघाल्याची नाही. लॉग त्या दोन डिस्कवरच लिहिला जातो आणि त्या वेळी दोन्ही पाटावर होत्या.

डिव्हाइस मी निवडलं होतं आणि मीच बसवलं होतं.

मी चंद्रपूरला घरं आणि छोट्या ऑफिसांसाठी नेटवर्क आणि स्टोरेजची कामं करते. त्याआधी अकरा वर्षं एका दैनिकाच्या जिल्हा कार्यालयात होते. चार वर्षं बातम्या, सात वर्षं कॉम्प्युटर विभाग. नेटवर्क स्टोरेज म्हणजे हार्ड डिस्क ठेवायचा एक छोटा डबा. तो लॅपटॉपला जोडत नाहीत, घरातल्या वायफायच्या राउटरला जोडतात. मग घरातला कोणताही फोन किंवा टीव्ही त्यातलं पाहू शकतो. फोनमधले फोटोही आपोआप तिथे जमा होतात.

मारोतरावांची मुलगी सुनंदा जूनमध्ये दुकानात आली. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे आणि वडिलांजवळ राहते. तिच्या पिशवीत चार एक्स्टर्नल हार्ड डिस्क, अकरा पेनड्राइव्ह आणि एक बंद फोन होता. त्यातली एक डिस्क लावली की टकटक आवाज करायची. असा आवाज येतो तेव्हा आतला वाचणारा काटा जागा शोधत असतो आणि त्याला ती सापडत नसते.

"यात काय आहे?" मी विचारलं.

"बाबांची नाटकं."

पूर्व विदर्भातल्या धानाच्या पट्ट्यात दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरते आणि त्या रात्री गावात नाटक होतं. या पट्ट्याला झाडीपट्टी म्हणतात आणि तिथे हा सगळा हंगाम नाटकांचा असतो. मारोतरावांची स्वतःची नाटक कंपनी तेवीस वर्षं चालली. ते लिहायचे, बसवायचे आणि कामही करायचे. त्यांच्या पत्नी कंपनीत मुख्य भूमिका करत. त्या सहा वर्षांपूर्वी गेल्या. अडतीस नाटकांच्या व्हिडिओ कॅसेट घरी होत्या. त्या आदल्या वर्षी नागपूरला देऊन त्यांच्या फाईली करून घेतल्या होत्या.

त्यातलं एक नाटक सुनंदाला हवं होतं, 'पाटलीणबाईचा पंचनामा'. चार अंक. गावची पोलीस पाटलीण आणि तालुक्याचा तहसीलदार चार अंक भांडतात. पाटलीण आईने केली होती, तहसीलदार वडिलांनी. शेजारच्या गावाच्या मंडळाने दिवाळीनंतरच्या मंडईसाठी तेच नाटक मागितलं होतं. पाटलीण सुनंदा करणार होती, तहसीलदार पुन्हा वडीलच. नाटकाची वही एकच होती, प्रॉम्प्टरची. ती वाळवीने खाल्ली. म्हणजे नाटक आता फक्त त्या रेकॉर्डिंगमध्ये होतं. रेकॉर्डिंग टकटक वाजणाऱ्या डिस्कवर होतं.

"मूळ कॅसेट आणा," मी म्हणाले. "त्यावरून परत करता येईल."

"त्या धानावर गेल्या, मॅडम."

उन्हाळी धान लोंबीवर आलं की पाखरं येतात. कॅसेटची रीळ बांधीवर, म्हणजे धानाच्या खाचरावर, या बांबूपासून त्या बांबूपर्यंत ताणून बांधली की वाऱ्याने ती गुणगुणते, उन्हात चमकते आणि पाखरं बसत नाहीत. नागपूरच्या दुकानदाराने मारोतरावांना सांगितलं होतं की आता कॅसेटचं काम उरलं नाही. त्यांनी एप्रिलमध्ये अडतीसही कॅसेट शेतात लावल्या. त्या वर्षी पाखरांनी धान खाल्लं नाही, असं सुनंदाने सांगितलं.

टकटक वाजणाऱ्या डिस्कवरून ती फाईल काढायला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी ती डिस्क कायमची बंद पडली. आता फाईल माझ्याकडे होती, पण ती कुठेतरी नीट ठेवायला हवी होती. घरातले सगळे फोटो, लग्नांचे व्हिडिओ आणि नाटकं मिळून एक पूर्णांक सहा दशांश टेराबाइट भरलं. मोठ्या फोनमध्ये मावतं त्याच्या सहा-सात पट.

सगळ्यात स्वस्त पर्याय म्हणजे आणखी एक एक्स्टर्नल डिस्क. तशा चार त्यांच्याकडे होत्याच आणि म्हणूनच त्या दुकानात आल्या होत्या. इंटरनेटवरच्या क्लाउडचा विचार केला. सुनंदाच्या घरचा अपलोडचा वेग मोजला. त्या वेगाने सगळं वर चढवायला, लाईन एकदाही न जाता, एक महिना लागला असता. पावसाळा तोंडावर होता. जुना कॉम्प्युटर चोवीस तास चालू ठेवणं हाही एक मार्ग असतो, पण त्याच्याकडे रोज लक्ष देणारं माणूस घरात लागतं.

उरला दोन किंवा चार डिस्कचा स्टोरेजचा डबा. इथे सुनंदाचा भाऊ प्रवीण चर्चेत आला. तो बल्लारपूरला पेपर मिलमध्ये आहे. त्याने या विषयावरचे सात व्हिडिओ पाहिले होते.

"मॅडम, चार डिस्कवालाच घ्या न," तो फोनवर म्हणाला. "प्रोसेसर दमदार पाहिजे. फोर-के चाललं पाहिजे."

"घरचा टीव्ही फोर-के आहे?"

"नाई. पण होईन न कधी."

"नाटकं कॅसेटवरची आहेत. फोर-केच्या चित्रात जेवढे ठिपके असतात त्याचा विसावा हिस्सा कॅसेटच्या चित्रात असतो. त्याला दमदार प्रोसेसर लागत नाही. टीव्ही ती फाईल आहे तशी वाचतो."

"म्हणजे बाबाचे नाटकं साध्या मशीनवर चालतात?"

"चालतात."

"हे बाबाले नका सांगू."

दोन डिस्कचा डबा ठरला. चार-चार टेराबाइटच्या दोन डिस्क, चोवीस तास चालण्यासाठी बनवलेल्या. सोबत एक छोटा यूपीएस, कारण गावात लाईन दिवसातून चार-पाच वेळा जाते आणि अचानक वीज जाणं डिस्कला मानवत नाही. राउटरही त्याच यूपीएसवर घेतला. दोन्ही डिस्क मिररमध्ये ठेवायच्या, म्हणजे एकीवर जे लिहिलं जाईल ते त्याच क्षणी दुसरीवरही लिहिलं जाईल.

बसवायला गेले तेव्हा हे मारोतरावांना सांगावं लागलं. गावात त्यांना सगळे भाऊ म्हणतात.

"म्हणजे डबल कास्ट," भाऊ म्हणाले.

"हो. एक आजारी पडला तर दुसरा उभा राहतो. पण दिग्दर्शकाने वाक्य कापलं तर दोघांचंही कापलं जातं."

"असं आहे तं मंग तिसरा पाहिजे."

"तिसरा पाहिजे, भाऊ. आणि तो दुसऱ्या गावात राहणारा पाहिजे."

प्रवीण फोनवर ऐकत होता. "दोन आहेत न मॅडम. अजून किती?"

तिसरी डिस्क, म्हणजे घराबाहेर ठेवायचा खरा बॅकअप, माझ्या कोटेशनमध्ये 'ऐच्छिक' या ओळीत होती. ती घेतली गेली नाही. मी आग्रह धरला नाही.

डबा कुठे ठेवायचा यावर अर्धा तास गेला. भाऊंनी आधी धान साठवायच्या ढोलीशेजारची जागा दाखवली. तिथे थंड होतं, पण धानाचा भुसा पंख्यात जातो. शेवटी समोरच्या खोलीतलं कंपनीच्या सामानाचं फडताळ ठरलं. वरच्या फळीवर हार्मोनियम, तबला आणि रंगपेटी. खालच्या फळीवर चार लाकडी तलवारी. मधली फळी डब्याला मिळाली.

मग मी डेमो दिला. या जातीच्या डब्यात डिस्क खणासारख्या ट्रेमध्ये बसतात. समोरचं बटन दाबलं की ट्रे बाहेर येतो, स्क्रू लागत नाही. एक डिस्क बिघडली तर डबा बंद न करता ती बदलता येते. मी पहिला ट्रे काढून दाखवला. डब्याने बीप दिला, टीव्हीवर नाटक सुरूच राहिलं. ट्रे परत लावला.

"चालूतही निघते?" भाऊंनी विचारलं.

"चालूतही निघते," मी म्हणाले.

ट्रेला छोट्या किल्ल्या येतात. त्या मी खोक्यातच ठेवल्या.

पावसाळाभर डिव्हाइसने काही तक्रार केली नाही. रोवणीच्या दिवसांत पाऊस जास्त झाला की शेजारचे लोक येऊन बसायचे आणि भाऊ टीव्हीवर स्वतःची जुनी कामं लावायचे. सुनंदा शाळेतून आली की 'पंचनामा' लावून एकेक वाक्य थांबवत वहीत उतरवायची. सप्टेंबरअखेर दोन अंक झाले. तिसरा आणि चौथा बाकी होता. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसापासून तालीम होती.

माझ्याकडे त्या फाईलची प्रत नव्हती. ग्राहकाचा डेटा काम संपल्यावर तीस दिवसांनी पुसायचा, असा दुकानाचा नियम आहे. जुलैमध्येच तो पुसला होता.

खंडेनवमीला नऊ अडतीसनंतर माझ्या फोनवर डिव्हाइसचा ईमेल आला: पहिली डिस्क काढली गेली आहे. दुकानात माझीही पूजा सुरू होती. स्क्रूड्रायव्हर, पक्कड, केबल दाबायचं क्रिंपिंग टूल, सगळं पाटावर होतं. लाईन गेली असेल किंवा डिस्क सैल झाली असेल, असं वाटलं. पुढचा ईमेल आला नाही. दहा वाजून पाच मिनिटांनी सुनंदाचा फोन आला.

"मॅडम, लाल लाईट लागला आहे. टीव्हीवर काहीच दिसून नाही राह्यलं. बाबांनी पूजा केली."

"कशाची?"

"सगळ्याची."

तिने जे दिसलं ते सांगितलं. मी तिला डब्याची वायर यूपीएसमधून काढायला सांगितली, भिंतीतून नव्हे. दोन्ही ट्रे बाहेर काढून कोरड्या कापडावर ठेवायला सांगितले. कोणी काही पुसायचं नाही, वाळवायला उन्हात ठेवायचं नाही, तांदळाच्या डब्यात तर मुळीच नाही. तांदळाचं मी तीनदा सांगितलं. त्या भागात फोन भिजला की तांदळात जातो.

दोन नवीन डिस्क, लॅपटॉप, डिस्क बाहेरून जोडायचा डॉक आणि हत्यारांची पिशवी घेऊन मी मूलमार्गे निघाले. सव्वाबाराला पोहोचले.

समोरच्या खोलीत सतरंजीवर हार्मोनियम, तबला, रंगपेटी आणि तलवारी ओळीने मांडल्या होत्या. सगळ्यांना हळद-कुंकू आणि झेंडूचं एकेक फूल होतं. ओळीच्या शेवटी स्टोरेजचा डबा होता. त्याच्यावरही झेंडू होता. दोन डिस्क बाजूला कापडावर होत्या. सुनंदा वडिलांशी बोलत नव्हती.

"बसा बाई," भाऊ म्हणाले. "पाणी घ्या. गावात कोणाचंच मशीन आज चालू नाई, आमचंही नाई."

"भाऊ, डिस्क बाहेर का काढल्या?"

"हत्यार म्यानातून काढूनच पुसतेत न. म्यानाची कोणी पूजा करते का?"

"चालू होतं ते."

"चालू कसं? मी भिंतीतलं बटन बंद केलो होतो. आधी बटन, मंग पूजा. मलेही समजते."

त्यांनी बटन बंद केलं होतं, हे खरं होतं. लॉगमध्ये नऊ एकतीसला वीज गेल्याची नोंद सापडली. पण वीज गेल्यावर डबा चालू राहावा म्हणूनच मी यूपीएस बसवला होता. तो चालू राहिला.

"यूपीएस ओरडला नाही?"

"ओरडून राह्यला होता. तो लाईन गेली का ओरडतेच. रोजचंच आहे त्याचं."

"आणि लाईट लुकलुकत होते ना?"

"लुकलुकत होते. पण तुमीच सांगतलं न बाई, चालूतही निघते म्हणून."

मी एक निघते असं दाखवलं होतं. दोन नाही, हे सांगितलं नव्हतं.

सुनंदा पहिल्यांदा बोलली. "विचारायचं तं होतं, बाबा. मी आतच होते, चुलीजवळ."

"तुले विचारलो असतो तं तू नाई म्हटली असती."

"म्हणूनच."

"शाळेत पोट्टे घाबरत असन इले," भाऊ मला म्हणाले. "मी नाई घाबरत."

मी डिस्क तपासल्या. पहिलीच्या लेबलवर हळदीचं बोट उमटलं होतं. ते बरोबर एका बारीक छिद्रावर होतं. डिस्कच्या आत-बाहेर हवेचा दाब सारखा राहावा म्हणून हे छिद्र असतं आणि ते झाकू नका असं शेजारीच छापलेलं असतं. जोडणीच्या पिनांमध्ये ओलं कुंकू गेलं होतं आणि तशीच ती वीज चालू असलेल्या डब्यात परत बसली होती. दुसरीची स्थिती बरी होती. हळद कडेला होती, पिना ओलसर पण स्वच्छ होत्या. ट्रेमध्ये सात अक्षता आणि झेंडूची एक पाकळी होती.

मी पिशवीतून स्क्रूड्रायव्हर काढला. त्यावरही सकाळचं कुंकू होतं. भाऊंनी हात वर केला.

"आज नाई बाई. आज हत्याराले हात लावत नाई. उद्या दसरा, उद्या करा."

"बाबा, परवापासून तालीम आहे," सुनंदा म्हणाली. "दोन अंक माझ्या वहीत नाही. यातलं गेलं असन तं मंडळवाल्याले काय सांगू? बाबांनी पूजा केली म्हणून सांगू?"

"खरं आहे तेच सांग."

"मग उत्तरपूजा करा. आत्ता. एकाच डिस्कची."

भाऊंनी विचार केला. पूजा केलेली वस्तू उत्तरपूजा करून, अक्षता टाकून जागची हलवली की मोकळी होते. साधारण हे दुसऱ्या दिवशी करतात.

"एकाची होते का?" त्यांनी मला विचारलं.

"मिररमध्ये दोन्ही सारख्याच आहेत, भाऊ."

"मंग होते." ते उठले. तांब्याकडे हात गेला.

"पाणी नको," सुनंदा आणि मी एकदम म्हणालो.

भाऊंनी दुसऱ्या डिस्कवर चार कोरड्या अक्षता टाकल्या, डिस्क एक वीत उजवीकडे सरकवली आणि माझ्या हातात दिली. "घ्या. माह्या हत्याराची सुटी झाली. तुमच्याचं तुमी पाहा."

दुसरी डिस्क निवडण्याला वेगळं कारणही होतं. ती नंतर निघाली, म्हणजे शेवटची काही मिनिटं तिच्यावरच लिहिली गेली होती. मिरर तुटला की शेवटपर्यंत जागी राहिलेली डिस्क खरी मानायची. अक्षता चिमट्याने काढल्या. पिना पटकन उडून जाणाऱ्या अल्कोहोलने आणि मऊ ब्रशने पुसल्या. ओलावा राहिला असण्याची शक्यता होती, म्हणून पंख्याखाली पाऊण तास ठेवली. त्या पाऊण तासात करण्यासारखं काही नव्हतं. चहा आला.

"भाऊ, नाटक तुम्हीच लिहिलंय," मी म्हणाले. "तुम्हाला पाठ नाही?"

"आहे न. पूरा तहसीलदार पाठ आहे." ते खुर्चीत सरळ बसले आणि आवाज बदलला. "पाटलीणबाई, सरकारी कागदाला पाय नसतात."

ते थांबले. चार-पाच सेकंद गेले. त्यांनी भुवई उंचावली.

"असं? मग तो तुमच्या चुलीपर्यंत चालत गेला कसा?"

परत थांबले. या वेळी जास्त. मान हलवत होते, जसं कोणाचं ऐकून घेत आहेत.

"साक्षीदार आणा."

लांब विराम.

"बैल साक्ष देत नाही."

सुनंदाने पेन उघडलं होतं. "मधलं काय, बाबा?"

"मधलं तुया आईचं. माह्यं मले याद आहे. तिचं तिले होतं."

एक पंचेचाळीसला डिस्क डॉकमध्ये लावली. ती फिरू लागली, आवाज स्वच्छ होता. लॅपटॉपला ती दिसली, पण आतलं काही उघडेना. मिररमधली डिस्क एकटी लावली की ती जोडीदार शोधते. जोडीदार नाही म्हटल्यावर ती आपोआप सुरू होत नाही, कारण कोणती प्रत खरी हे तिला ठरवता येत नाही. तिला एकटीनेच चालायचं आहे, हे आज्ञा देऊन सांगावं लागतं. ती आज्ञा देताना डिस्कवर काहीही लिहिलं जाणार नाही याची काळजी घ्यायची असते. बिघडलेल्या डिस्कबाबत पहिला नियम असा की आधी प्रत काढायची, दुरुस्ती नंतर. पहिली आज्ञा चुकली. मी एक अक्षर गाळलं होतं. दुसऱ्या वेळी दोन वाजून दहा मिनिटांनी फोल्डरांची यादी पडद्यावर आली.

'पंचनामा' यादीत होतं. नाव दिसणं म्हणजे फाईल चांगली असणं नव्हे. मी सुनंदाला लॅपटॉप दिला. तिने पट्टी ओढून तिसऱ्या अंकावर नेली. आधी कॅसेटच्या चित्राच्या कडेला असतात त्या रेघा आल्या, मग रंगमंच, मग काळी मिशी लावलेले भाऊ.

"बैल साक्ष देत नाही," पडद्यावरचे भाऊ म्हणाले.

"बैल नाही देत," पाटलीणबाई म्हणाल्या. "त्याच्या खुराचा ठसा देतो. या खाली, मोजा."

प्रेक्षकांचा आवाज आला. सुनंदाने चित्र थांबवलं आणि वाक्य वहीत लिहिलं. भाऊंनी खुर्ची जवळ ओढली.

"आवाज वाढवा न बाई जरा."

सगळ्यात आधी ती एक फाईल नव्या डिस्कवर उतरवली. एक मिनिट लागलं. दोन्ही प्रतींचा चेकसम काढला. चेकसम म्हणजे फाईलमधल्या सगळ्या मजकुरावरून निघणारा एक लांब आकडा. एक ठिपका जरी बदलला तरी तो बदलतो. दोन्ही आकडे जुळले. मग बाकीचं सगळं उतरवायला लावलं. त्याला साडेतीन तास लागले. तेवढ्यात सुनंदाने आधी उतरवलेल्या प्रतीवरून तिसऱ्या अंकाची अकरा पानं लिहिली. भाऊ शेजारी बसून तहसीलदाराची वाक्यं तिच्याआधी बोलत होते. दोन ठिकाणी ती रेकॉर्डिंगशी जुळली नाहीत.

"ते रेकॉर्डिंगवाल्याचं चुकलं असन," भाऊ म्हणाले.

पहिली डिस्क वाचली नाही. पिना साफ करूनही ती मध्येच दिसायची आणि नाहीशी व्हायची. तिच्या जागी नवी लावली. रात्रभरात मिरर परत जुळला आणि दसऱ्याच्या सकाळी सहा पन्नासला डिव्हाइसने दोन्ही डिस्क सुस्थितीत असल्याचा ईमेल पाठवला. बिघडलेली डिस्क मी वॉरंटीत पाठवली. फॉर्ममध्ये नुकसानीचं कारण विचारतात. मी 'द्रवाशी संपर्क' लिहिलं. दावा नाकारला गेला.

संध्याकाळी निघण्यापूर्वी प्रवीणचा फोन आला होता.

"मॅडम, दोन होत्या न?"

"होत्या. दोन्ही पूजेत होत्या."

मग तो म्हणाला, "तिसरी माह्याकडे ठेवतो."

नवी डिस्क, जिच्यावर दुपारी सगळं उतरवलं होतं, ती त्या रविवारी सिंदेवाहीहून गोंदिया-बल्लारपूर गाडीने प्रवीणसोबत त्याच्या क्वार्टरमध्ये गेली. तो महिन्यातून एकदा घरी येतो तेव्हा ती आणतो, सुनंदा नवीन फाईली भरते, तो परत नेतो.

ट्रेच्या किल्ल्या खोक्यातून काढून मी दोन्ही ट्रे लॉक केले आणि किल्ली सुनंदाला दिली. भाऊंनी ते पाहिलं.

"घरच्या घरात कुलूप लावून राह्यल्या का, बाई?"

"हो, भाऊ."

"लावा."

तेव्हापासून माझ्या कोटेशनमध्ये घराबाहेरची डिस्क 'ऐच्छिक' या ओळीत नसते. ती नको असेल तर ग्राहकाने तसं लिहून सही करायची असते. आजवर तिघांनी सही केली. चालू डब्यातून ट्रे काढून दाखवायचा डेमो मी बंद केला. यूपीएस लावला की एक गोष्ट घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला करून दाखवते. भिंतीतलं बटन बंद करते आणि डबा कसा चालूच राहतो ते पाहायला लावते. मग डबा खरोखर बंद करायचं बटन त्यांच्याकडूनच दाबून घेते.

सुनंदाचा चौथा अंक दसऱ्यानंतर नऊ दिवसांनी लिहून झाला. शाळेतल्या झेरॉक्स मशीनवर वहीच्या सहा प्रती निघाल्या. तालीम ठरल्या दिवशी सुरू झाली, फक्त पहिले दोन अंक आधी बसवले. नाटक शेजारच्या गावात मंडईच्या रात्री झालं. मी गेले नव्हते. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास सुनंदाने फोनवर सांगितलं की प्रयोग पहाटे चारला संपला आणि मंडप शेवटपर्यंत भरलेला होता. प्रॉम्प्टर विंगेत वही घेऊन बसला होता. चार अंकांत त्याला एकदाच बोलावं लागलं. तहसीलदारासाठी.